नाव नसलेला पेनड्राइव्ह

उमापूर, ता. गेवराई
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आम्रपाली,

सप्रेम जयभीम.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तुला मी आजवर किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही. हे पत्र तू एका जागी बसून, पहिल्या ओळीपासून क्रमाने वाच. शेवटचं पान आधी उलटून पाहू नकोस. यशू जवळ असेल तर तिला खेळायला पाठव. मी सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे आणि मधे एक गोष्ट सुटली तर पुढची कळणार नाही.

घरी ठीक आहे. मागच्या न्हाणीचा नळ दुरुस्त केला. कापसाची दुसरी वेचणी झाली, बाया मिळत नाहीत म्हणून वाटेकऱ्याने लांबवली होती, मी जाऊन उभी राहिले तेव्हा दोन दिवसांत उरकली. धाकट्या सतीशला गेवराई डेपोत आता लांबच्या गाड्या देतात, तो गुरुवारी सुट्टीच्या दिवशी येऊन जातो. बाकी मी एकटी. पाचला उठते, झाडते, वंदना घेते, भाकरी टाकते. एकच टाकायची असते, पण हात दोनचं पीठ घेतात आणि मग संध्याकाळी ती शिळी खावी लागते. माझी तब्येत चांगली आहे. प्रेशर तपासलं, तेही बरोबर निघालं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं चांगलं प्रेशर क्वचित दिसतं. माझा थोरला, समाधान, जाऊन दहा महिने झाले आणि माझं प्रेशर चांगलं आहे, याचं काय करावं ते मला कळलं नाही.

मला रडू आलेलं नाही, हे तू पाहिलंच आहेस. शेजारच्या रतनबाई तेव्हा रोज येऊन बसायच्या. मी रडले नाही तर काहीतरी होईल अशी त्यांना धास्ती होती. एकदा त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, रडा की वो. आमाला तरी मोकळं होऊ द्या." मी उठून त्यांच्यासमोर भांडी घासली. त्यांना राग आला असावा. आतून सगळं बधिर झालेलं होतं, दाढ काढताना सुई दिल्यावर गाल होतो तसं. बोट लावलं तर गाल आहे हे कळतं, आपला आहे हे कळत नाही. ते अजून तसंच आहे. तुला वाटत असेल की सासू दगडाची आहे. मी तुझ्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आता मुद्द्यावर येते. समाधानने मला पहिल्यांदा त्याचा तो बिटकॉइनचा प्रकार समजावला तेव्हा तू यशूला घेऊन माहेरी गेली होतीस. मी ओसरीवर मेथी निवडत होते. तुला माहीत आहे, चौथीपर्यंत तो माझ्याच वर्गात होता आणि त्याची मला 'बाई' म्हणायची खोड गेली नव्हती. काही पटवून द्यायचं असलं की तो हमखास बाई म्हणायचा. त्या दिवशी तो एक पेनड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यात पैसा न्हाई. ह्याच्यात फक्त चावी हाय." पैसा जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवरच्या एका मोठ्या वहीत असतो, ती वही कुणा एकाची नसते, आणि आपल्या नावापुढचं तिथून हलवायचं तर ही चावी लागते. चावी हरवली तर वहीत पैसा दिसतो, पण तो कुणालाच काढता येत नाही. मी विचारलं, मग हेडऑफिस कुठे आहे? तो इतका हसला की मेथी सांडली. हेडऑफिसच नाही, बाई, तेच तर त्यात चांगलं आहे. मी म्हणाले, ज्याला हेडऑफिस नाही त्याची तक्रार कुणाकडे करायची? त्यावर तो सांडलेली मेथी गोळा करायला लागला. तो प्रश्न त्याला आवडला नव्हता.

मला ते पटलं नव्हतं, पण अडवलंही नाही. अकरा वर्षं तो विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होता. दरवर्षी यंदा अनुदान येणार म्हणून ऐकायचं आणि दरवर्षी यादीत नाव नसायचं. माणूस किती दिवस सरकारच्या वहीकडे डोळे लावून बसेल? संध्याकाळच्या शिकवण्यांतून जे सुटायचं त्यातलं थोडं थोडं तो तिकडे टाकायचा, यशूच्या नावाने. आधी मोबाइलमधल्या एका कंपनीकडे ठेवायचा. मग अशीच एक परदेशातली कंपनी बुडाल्याची बातमी आली आणि त्याने सगळं तिथून काढून स्वतःजवळ आणलं. तेव्हापासून तो वेगळाच माणूस झाला. जुना लॅपटॉप उघडून त्यातला वायफायचा तुकडा काढून टाकला, म्हणजे त्याला कधी नेट लागणारच नाही. चावी त्या लॅपटॉपवरही ठेवली नाही, फक्त पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्हला असं कुलूप घातलं की दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावला तर तो कोरा दिसावा. पासवर्ड कुठेही लिहायचा नाही, तो फक्त तुझ्या आणि त्याच्या डोक्यात. तू कणीक मळताना तो तुझ्याकडून पाढ्यासारखा म्हणून घ्यायचा. एकदा यशू दारात उभी राहून अर्धा पासवर्ड गाण्यासारखा म्हणाली, तेव्हा तुम्ही दोघं हसून हसून बेजार झालात आणि त्याला तो बदलावा लागला. मी आतून ओरडले होते की स्वयंपाक करताना चाळे नकोत. ते ओरडायला नको होतं.

दोन प्रती केल्या होत्या त्याने. एक त्याच्या मोटारसायकलच्या चावीला, एक घरी टेबलाच्या खणात, त्याच्या शाळेच्या जुन्या कंपासपेटीत. अपघात कसा झाला ते तुला सांगायला नको. दिवेलागणीची वेळ, उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. पंचनामा मी वाचला आहे. सतीश वाचू नको म्हणत होता, पण मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत आले, हेही वाचलं. त्यात सातव्या क्रमांकावर 'काळ्या प्लास्टिकचे तुकडे' असं लिहिलेलं आहे. ती पहिली प्रत.

म्हणजे राहिली कंपासपेटीतली. तू महिनाभर तिकडे पाहिलं नाहीस, मीच तुला कुठल्या कागदाला हात लावू दिला नव्हता. फेब्रुवारीत तू खण उघडलास. कंपासपेटीत लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह होता, निकालांचा होता, आणि तो नव्हता. तू मला हाक मारलीस, तो आवाज मला आठवतो. मग आपण धान्याच्या कोठ्यांपासून गाद्यांच्या खोळीपर्यंत सगळं पालथं घातलं. सतीशने रजा काढली. त्याने बीडहून कॉम्प्युटरचा जाणकार आणला, राम नावाचा, समाधानचा वर्गमित्र. तो पोरगा बैठकीत बसला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सापडला तर कुणी कॉम्प्युटरला लावू नका. कुलूप असलं की तो फॉरमॅट मागतो. कोरा हाय समजून कुणी हो म्हणलं, की सपलं." मी चहा टाकायला उठले. चहा उकळून उतू गेला तरी मी गॅसपाशी उभीच होते. तू आत येऊन गॅस बंद केलास आणि मला म्हणालीस, "आई, तुम्ही बसा, मी देते." त्या दिवशी तू मला बसायला सांगितलंस, हे मी विसरलेले नाही.

बाहेर सतीश बोलत होता. तू कपबश्या घेऊन आलीस तरी थांबला नाही. तो म्हणाला, "पासवर्ड हिच्या तोंडात, खण हिच्या हाताखाली. मंग तिसरं कोण नेतंय?" राम खाली मान घालून बसला. तू ट्रे ठेवलास. तू सतीशकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मी शाळेत चाळीस वर्षं काढली, पोरगं खरं बोलतंय की खोटं ते मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तू सरळ उभी होतीस. मी म्हणाले, "चहा गार होतोय." एवढंच.

पुढचे दोन महिने या घरात काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सतीश वाईट नाही. भाऊ गेला, त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं, ट्रॉलीवाला सापडला नाही, तू सापडलीस. त्याने तुझ्या भावाला फोन करून पेनड्राइव्ह मागितला. आळीतल्या बायांनी तुझ्याशी बोलणं तोडलं, आणि तुझ्या पाठीमागे कुणी म्हणालं की नवऱ्याचं सुतक फिटायच्या आत हिने डल्ला मारला. आपल्यात सुतक पाळत नाहीत, पण बोलताना सगळ्यांना ते आठवतं. मी कुणाला गप्प केलं नाही. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तू यशूला घेऊन नेकनूरच्या गाडीत बसलीस. मी स्टँडवर आले नाही. दारातून म्हणाले, "पाण्याची बाटली घेतली का?" यशू म्हणाली, घेतली. गाडी गेल्यावर मी तुमच्या खोलीची चादर बदलली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

समाधानचा जलदानविधी पाचव्या दिवशी होता. सकाळी भंतेजी यायचे होते. आदल्या दिवशी मंडपवाला सिदू आला आणि म्हणाला, "बाई, पेनड्राइव्ह द्या, वंदना लावावी लागंल, माझ्याकडं समदी लग्नाची गाणी हायेत." तुला माहीत आहे, आपल्याकडे पेनड्राइव्ह घरच्यांनीच द्यायचा असतो, स्पीकरवाला फक्त लावतो. तू आत पडून होतीस, तुला ग्लानी होती. सतीश भंतेजींच्या व्यवस्थेला गेला होता. मी टेबलाचा खण उघडला, कंपासपेटी काढली. तीन पेनड्राइव्ह होते. एकावर चिकटपट्टी लावून 'लग्न' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'निकाल'. तिसऱ्यावर काही नव्हतं. मी मुख्याध्यापक झाले त्या पहिल्या आठवड्यात शाळेत नियम केला होता, प्रत्येक वस्तूवर नाव पाहिजे, ज्याच्यावर नाव नाही ती वस्तू रिकामी किंवा रद्दी धरली जाईल. खडूच्या खोक्यापासून दप्तरांच्या कपाटापर्यंत. मी निवृत्त झाले तरी तो नियम माझ्या घरात चालू होता, तू डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायचीस तो माझ्याच धाकाने. समाधानने त्या एकाच वस्तूवर मुद्दाम नाव लिहिलं नव्हतं. चोराला कळू नये म्हणून. मी नाव नसलेला उचलला.

तो घेऊन मी करिष्माच्या दुकानात गेले. करिष्मा म्हणजे मोबाइल आणि झेरॉक्सवाली, माझ्याच हाताखाली शिकलेली, उशिरा येते म्हणून जिला मी कितीदा वर्गाबाहेर उभं केलं ती. तिने दुकानातली गिऱ्हाइकं बाजूला केली, मला खुर्ची दिली. पेनड्राइव्ह लावला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "बाई, ह्याला फॉरमॅट मागायलंय. आत काय असलं तर समदं जातंय. करू का?" तिने विचारलं होतं. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते, तिने मला विचारलं होतं. मी म्हणाले, "कर. रिकामाच आहे. मला उशीर होतोय." तिने केलं. मग तिने बुद्धवंदना टाकली, परित्राण पाठ टाकला, भीमगीतं टाकली. मी म्हणाले पुरे, तर म्हणाली, "बाई, जागा हाय तर काठोकाठ भरते की. समाधान सरांचं हाय." पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आपल्या मंडपात तो पेनड्राइव्ह वाजत होता. तू पहिल्या ओळीत यशूला मांडीवर घेऊन बसली होतीस. सगळं संपल्यावर सिदूने तो मला परत दिला आणि मी तो विहाराला दान दिला, त्यांच्याकडचा खराब झाला होता म्हणून. तेव्हापासून दर पौर्णिमेला तो तिथे वाजतो आणि घरात ऐकू येतो.

रामने बैठकीत फॉरमॅट हा शब्द उच्चारला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. त्याआधी शोधाशोध चालली होती तेव्हा मला खरोखर सुचलं नव्हतं. मी तुझ्याबरोबर कोठीत हात घालून शोधत होते ते नाटक नव्हतं. पण त्या चहानंतरचा प्रत्येक दिवस मी जाणूनबुजून गप्प राहिले. नऊ महिने. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. एक उत्तर असं येतं की चोरीला गेलेली वस्तू कुठेतरी असते. तू नेला असं सगळे म्हणत होते तोवर समाधानने इतकी वर्षं जमवलेलं कुठेतरी शाबूत होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते त्या क्षणी संपलं असतं, आणि संपवणारी मी. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. दुसरं उत्तर साधं आहे. मला चुकले म्हणायची सवय नाही. शाळेत फळ्यावर माझं गणित चुकलं तरी पोरं सांगायची नाहीत. घरात तुझे सासरे सांगायचे, ते गेल्यावर तेही राहिलं नाही. तुला बोलणं सोसता येईल, तू तरुण आहेस, असं मी मनात धरलं. माझं ओझं मी तुझ्या डोक्यावर दिलं आणि तू कशी चालतेस ते पाहत बसले.

गेल्या रविवारी तुझा फोन आला. दिवाळीची सुट्टी संपली आणि यशू आजीकडे न जाताच शाळेत गेली, म्हणून जेवत नाही, असं तू सांगितलंस. मी म्हणाले, पाठव की.  तू म्हणालीस, सतीशभाऊंनी निरोप दिलाय, पेनड्राइव्ह दिल्याशिवाय उमापूरला पाय ठेवायचा नाही. आणि मग तू जे म्हणालीस ते मी शब्दाला शब्द लिहिते. "आई, मीच घेतला असं मी सगळ्यांसमोर म्हणते. हरवला म्हणते, विकला म्हणते, तुम्ही म्हणाल ते म्हणते. पण पोरीला आजीपासून तोडू नका. तिला बाप न्हाई." मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रागाने ठेवला. माझ्या हातात तो धरवेना म्हणून ठेवला. तुझ्या तोंडून 'मीच घेतला' हे शब्द आले आणि ते शब्द माझे होते. रात्रीच्या भाकरीसाठी मी पुन्हा दोघांचं पीठ काढलं आणि ते पाहत बसले. तेव्हाही रडू आलं नाही. पण काय करायचं ते ठरलं.

सोमवारी विहारात गेले आणि पेनड्राइव्ह मागून घेतला. बुधवारी रामला बीडहून करिष्माच्या दुकानात बोलावलं. त्याने आपल्या लॅपटॉपवर दोन तास घालवले. त्यालाही आशा होती असं दिसलं, कारण एकदा तो म्हणाला की थोडी जागा जरी मोकळी राहिली असती तर प्रयत्न करता आला असता. मोकळी जागा नव्हती. करिष्माने काठोकाठ भरला होता. ती बिचारी शेजारी उभी होती, तिला तेव्हा कळलं. तिने तोंडावर पदर घेतला आणि ती रडली. मी तिला गप्प केलं, तुझा काही दोष नाही, तू विचारलं होतंस. रामने पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. मी त्याच्यावर चिकटपट्टी लावली, 'वंदना' असं लिहिलं आणि तो विहारात परत नेऊन दिला. दुसरं काय करणार? तो आता तेवढ्याच कामाचा आहे.

गुरुवारी सतीश आला. मी त्याला जेवू घातलं, मग समोर बसवून सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसंच.  माझं संपल्यावर त्याने विचारलं, "मंग आई, इतके दिस तू कावून बोलली न्हाईस? मी तिला काय काय बोललो, तू ऐकत व्हतीस." मी त्याचं ताट उचललं. तो उठला, चप्पल न घालता फाटकापर्यंत गेला, परत आला. म्हणाला, "आता मी कोणत्या तोंडानं नेकनूरला जाऊ?" मी म्हणाले, ते तुझं तू बघ, माझं मला बघायचं आहे. तो येईल कधीतरी. आला तर त्याला पाणी द्यावं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. तुझ्या भावालाही त्याने फोन केला म्हणे, पण तो उचलत नाही.

आता हे पत्र का, ते लिहिते. फोनवर मी तुला हे दहा मिनिटांत सांगू शकले असते. पण बोललेलं कुणी मानलं नाही तर तू काय दाखवणार? तुझी भावजयसुद्धा तुला एकांतात विचारते की खरं सांग, कुठे ठेवलाय, हे यशूने मला मागे सांगितलं होतं. तुझ्या शब्दावर माहेरातही विश्वास राहिलेला नाही आणि तो मी घालवला आहे. म्हणून हे हाताने लिहिलं, माझ्या अक्षरात, जे या तालुक्यातली निम्मी माणसं ओळखतात. दोन प्रती केल्या आहेत. दुसरी मी उद्या विहारात सगळ्यांसमोर स्वतः वाचणार आहे, आळीतल्या बायांना निरोप गेले आहेत. ही तुझी. पोस्टातली बाई म्हणाली, पूर्वीसारखं रजिस्टर आता होत नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते, सही करून घे. भावाला दाखव, भावजयीला दाखव, जिथे नोकरीला जातेस तिथे कुणी कुजबुजलं तर तिथेही दाखव. यशू मोठी झाल्यावर तिला दे, तिचं जे होतं ते कुणी घालवलं ते तिला कळलं पाहिजे. तू परत यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही, मला तसं म्हणायचा हक्क नाही. माफीही मागत नाही, कारण मागितली की द्यायची जबाबदारी तुझ्यावर येते. एवढंच लिहून देते की समाधानचा पेनड्राइव्ह आम्रपालीने घेतलेला नाही, तो माझ्या हातून पुसला गेला, आणि ती निर्दोष आहे हे माहीत असताना मी तिला चोर म्हणू दिलं.

तुझीच,
मालन सर्जेराव ओव्हाळ
निवृत्त मुख्याध्यापिका

आईने आज मला बोलावून वरील मजकूर माझ्यासमोर वाचला. खरा आहे. वहिनी, मी चुकलो.
सतीश सर्जेराव ओव्हाळ